दीर्घ पल्ल्याच्या धावण्यातील संशय आणि संशयाची भाषा

ऑगस्ट २००१ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे भरलेल्या जागतिक मैदानी स्पर्धांत महिलांच्या पाच हजार मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी चालू असताना प्रेक्षकांत बसलेल्या पॉला रॅडक्लिफ या ब्रिटिश धावपटूने एक फलक वर धरला. त्यावर तीनच शब्द होते: ‘ईपीओ चीट्स आउट’. अधिकाऱ्यांनी तो फलक थोड्याच वेळात काढून घेतला. तथापि तोवर त्याची छायाचित्रे निघालेली होती. या तीन शब्दांत क्रियापद नाही. नाम आहे ते अनेकवचनी, आणि कोणा व्यक्तीचा निर्देश त्यात नाही. व्याकरणदृष्ट्या हा फलक जगातील सर्व लबाड धावकांना उद्देशून होता. पण त्या वेळी मैदानात ओल्गा येगोरोवा ही रशियन धावपटू धावत होती, आणि फलक तिच्यासाठी आहे हे न समजलेला एकही प्रेक्षक तेथे नसावा. शब्दांनी जे सांगितले नाही ते प्रसंगाने सांगितले. काही दिवसांनी येगोरोवा सुवर्णपदक जिंकली तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली.

क्रीडाविषयक लेखनात हा प्रसंग धैर्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, क्वचित असभ्यतेचे म्हणूनही. त्याचा तिसऱ्या अंगाने विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. संशय ही मनाची एक अवस्था खरी. परंतु ती बोलून दाखवली गेली की तिला वाक्याचे रूप येते, आणि वाक्याला कर्ता, काळ, अर्थ असे सर्व काही चिकटते. कोणत्या रूपातील वाक्य संशयिताला उत्तर देण्याची वाट मोकळी ठेवते आणि कोणत्या रूपातील ठेवत नाही, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेतील आहे. धावण्याच्या क्षेत्रात तो केवळ पुस्तकी राहत नाही. एका बाजूला ज्यांचे पदक लबाडाने हिरावून नेले अशा धावकांची आयुष्ये आहेत, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या नावाला एकदा लागलेला डाग कोणत्याही तपासणीने पुसता येत नाही अशांची.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. ‘डोप’ हा शब्द अमेरिकन इंग्रजीत डच भाषेतून आला. मूळ ‘डोप’ म्हणजे बुडवून खाण्याचे कालवण वा रस्सा. पुढे तो घट्ट द्रवाला, त्यावरून अफूच्या चाटणाला आणि त्यावरून शर्यतीच्या घोड्यांना चोरून द्यावयाच्या मिश्रणाला लागला. घोड्यावरून तो माणसावर आला. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘उत्तेजक द्रव्य सेवन’ असा प्रतिशब्द रूढ केला आहे. हा प्रतिशब्द दीर्घ पल्ल्याच्या धावण्याला तिन्ही पदांनी लागू पडत नाही. एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, हे मूत्रपिंडात निर्माण होणारे संप्रेरक आहे. ते रक्तातील लाल पेशींची संख्या वाढवते आणि त्यायोगे स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा वाढतो. त्यात उत्तेजना कसलीच नाही. ते टोचून घेतात, तेव्हा सेवनही नाही. आणि धावकाने आपलेच रक्त काही आठवडे आधी काढून साठवले व शर्यतीपूर्वी पुन्हा शरीरात घेतले तर त्यात परके द्रव्यही नाही. तरीही तो निषिद्ध मार्ग होय. नाशिकची धावपटू संजीवनी जाधव हिच्या २०१८ मधील नमुन्यात प्रोबेनेसिड सापडले आणि तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. प्रोबेनेसिड हे संधिवाताच्या एका प्रकारावरील औषध. ते इतर द्रव्यांचे मूत्रातील उत्सर्जन रोखते आणि म्हणून ती द्रव्ये लपवण्यास उपयोगी पडू शकते, एवढ्याचसाठी ते निषिद्ध सूचीत आहे. त्याला उत्तेजक म्हणणे म्हणजे चादरीला चोर म्हणण्यासारखे आहे.

‘उत्तेजक चाचणीत दोषी’ हा शब्दप्रयोग तर याहून अधिक नुकसान करतो. चाचणी दोष शोधत नाही. ती द्रव्य शोधते. द्रव्य सापडले हे विधान नमुन्याविषयीचे आहे. दोष हा व्यक्तीचा असतो आणि तो सुनावणीनंतर ठरतो. या दोहोंपूर्वी आणखी एक विधान असते, तेही वेगळे ठेवले पाहिजे: ‘ही वेळ अशक्यप्राय वाटते’ हे विधान. त्याचा विषय ना नमुना, ना व्यक्ती. त्याचा विषय घड्याळ आणि पूर्वीच्या धावांची कोष्टके. वेळ, नमुना आणि व्यक्ती या तीन विषयांवरील विधाने एकमेकांत मिसळली जाणे, हाच या क्षेत्रातील बहुतेक गोंधळाचा उगम आहे.

येगोरोवाच्या बाबतीत हा भेद लावून पाहावा. जुलै २००१ मध्ये पॅरिस येथील शर्यतीनंतर घेतलेल्या तिच्या मूत्राच्या नमुन्यात ईपीओ आढळले होते. परंतु ईपीओची मूत्रचाचणी त्या वेळी नवी होती, आणि नियमाप्रमाणे मूत्राबरोबर रक्ताचीही तपासणी होणे आवश्यक होते. पॅरिसला रक्ताची तपासणी झालेली नव्हती. म्हणून जागतिक संघटनेने तिच्यावरील निलंबन उठवले. म्हणजे नमुन्याविषयीचे विधान उपलब्ध होते, व्यक्तीविषयीचे विधान करण्याचा अधिकार मात्र कार्यपद्धतीतील उणिवेमुळे नष्ट झाला होता. रॅडक्लिफच्या फलकाने पहिल्यावरून दुसऱ्यावर एकदम उडी घेतली. ती उडी नियमबाह्य होती, निराधार नव्हती. २००८ मध्ये सात रशियन महिला खेळाडूंच्या मूत्रनमुन्यांतील जनुकीय खुणा जुळत नाहीत, अर्थात ते मूत्र त्यांचे नव्हेच, असे निष्पन्न झाले. त्या सातांत येगोरोवा होती.

संशयाचा इतिहास याहून जुना आहे. फिनलंडच्या लासे वीरेनने १९७२ मध्ये म्युनिक येथे दहा हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत निम्म्या वाटेवर पडूनही उठून जागतिक विक्रम केला, आणि म्युनिक व माँट्रिअल या दोन्ही ऑलिंपिकांत पाच व दहा हजार मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. मधल्या चार वर्षांत त्याची कामगिरी सामान्य असे. त्यामुळे रक्त भरून घेण्याचा संशय त्याच्यावर घेतला गेला. तो त्याने नेहमीच नाकारला; यशाचे रहस्य विचारणाऱ्यांना त्याने रेनडिअरच्या दुधाचे नाव सांगितले. त्याचाच देशबांधव कार्लो मानिंका याने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या वेळी आपण रक्त भरून घेतल्याचे पुढे मान्य केले. परंतु त्या काळी या प्रकाराला नियमांत बंदीच नव्हती. ती १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास आली. तेव्हा वीरेनवरील संशय खरा धरला तरी ‘लबाडी’ हा शब्द त्याला कोणत्या अर्थाने लागू पडेल, हे संशय घेणाऱ्यांनी कधी स्पष्ट केलेले नाही. आजच्या शब्दाने कालची कृती मोजण्याचा हा प्रकार शब्दार्थाच्या इतिहासात नवा नाही.

सप्टेंबर १९९३ मधील बीजिंगचे प्रकरण अधिक भारी आहे. तेथे राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मा जुनरेन या प्रशिक्षकाच्या शिष्या वांग जुन्शिया हिने दहा हजार मीटरचे अंतर २९ मिनिटे ३१.७८ सेकंदांत पार केले. पूर्वीचा विक्रम नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियानसेनचा, १९८६ मधील, ३० मिनिटे १३.७४ सेकंदांचा. एका धावेत सुमारे बेचाळीस सेकंदांची सुधारणा झाली. प्रशिक्षकाने कासवाचे रक्त, अळीवर वाढणारी बुरशी आणि रोजची प्रचंड धाव ही कारणे दिली. जगाने ती हसण्यावारी नेली, पण विक्रम पुस्तकात राहिला. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर माच्या गटातील अनेक धावपटूंना रक्ततपासणीनंतर चिनी संघातून वगळण्यात आले. २०१६ मध्ये चिनी प्रसारमाध्यमांनी एक पत्र उजेडात आणले. ते १९९५ मधील असून त्यावर वांग व तिच्या सहकारी धावपटूंच्या सह्या असल्याचे सांगण्यात आले, आणि निषिद्ध औषधे घेण्यास आपल्याला भाग पाडले जात होते असे त्यात म्हटलेले होते. वांगच्या नमुन्याविषयी कोणतेही विधान आजवर झालेले नाही. तिचा तीन हजार मीटरचा ८ मिनिटे ६.११ सेकंदांचा विक्रम २०२५ पर्यंत अबाधित होता.

या प्रकरणाला एक शेपूट आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अल्माझ अयानाने दहा हजार मीटरचा तो विक्रम १४ सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. तत्क्षणी संशयही सुरू झाला. त्यामागील अनुमान साधारण असे होते: वांगची वेळ औषधांशिवाय शक्य नव्हती, अयानाची वेळ त्याहून चांगली, सबब अयाना. यातील पहिले विधान स्वतःच सिद्ध झालेले नाही. एका संशयाला मापदंड करून दुसरा मोजावयाचा, आणि मग दोहोंनी एकमेकांना पुष्टी द्यावयाची, अशी ही रचना आहे. अयानाने उत्तर देताना आपले डोपिंग म्हणजे आपला सराव आणि येशू, असे सांगितले. नकार देण्यासाठी तिला आरोपाचाच शब्द लक्षणेने वापरावा लागला. यात भाविकपणा असेल. पण सरळ नकाराला किंमत उरलेली नाही, हे तिला ठाऊक असावे असेही त्यातून दिसते.

नकाराला किंमत का उरत नाही, हे समजण्यासाठी मराठीतील काही क्रियारूपांचे साहाय्य घेता येईल. ‘ती औषधे घेते’, ‘ती औषधे घेत असणार’, ‘ती औषधे घेत असावी’ आणि ‘ती म्हणे औषधे घेते’ ही चार वाक्ये पाहावीत. पहिल्या वाक्याचा वक्ता पुराव्यानिशी बांधला गेलेला आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यांत वक्ता अनुमान करतो, ‘असणार’मध्ये त्याची खात्री अधिक, ‘असावी’मध्ये कमी, परंतु दोहोंत अनुमान त्याचे स्वतःचे आहे, आणि ‘कशावरून?’ असे त्याला विचारता येते. चौथ्या वाक्यात तसे विचारण्याची सोय नाही. ‘म्हणे’ हे ‘म्हणणे’ या धातूचे जुने वर्तमानकाळी रूप गोठून झालेले अव्यय होय. ‘तुका म्हणे’ या मुद्रेत त्याला कर्ता आहे, आणि त्या कर्त्याने आपले नाव घालून बोललेल्याची जबाबदारी घेतलेली आहे. ‘म्हणे औषधे घेते’ या वाक्यात कर्ता गळून पडला आहे. कोण म्हणते, हे वाक्य सांगत नाही. आणि वक्ता स्वतः तसे म्हणत नाही. असे वाक्य खोटे पाडणे अशक्य असते, कारण कोणी तरी कोठे तरी तसे म्हणत आहे, एवढेच त्याचे प्रतिपाद्य असते व ते बहुधा खरे असते.

१३ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागो मॅरेथॉनमध्ये केनियाच्या रूथ चेपनगेटिचने २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांची वेळ नोंदवली. दोन तास दहा मिनिटांच्या आत मॅरेथॉन धावलेली ती पहिली स्त्री. पूर्वीचा विक्रम इथिओपियाच्या तिग्स्त असेफाचा, २०२३ मधील बर्लिनचा, २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांचा होता. शर्यतीनंतरच्या वार्ताहर-बैठकीत एका पत्रकाराने तिला विचारले, त्याचा आशय असा: काही लोकांना ही वेळ फारच चांगली वाटेल, तू औषधे घेत असली पाहिजेस असे त्यांच्या मनात येईल, त्यांना तू काय सांगशील? चेपनगेटिचने उत्तर दिले की लोक बोलणारच, आपल्याला काही ठाऊक नाही. केनियात या प्रश्नाने संताप उसळला आणि त्याचे पडसाद तेथील संसदेतही उमटले. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी तिच्या उत्तरात टाळाटाळ पाहिली.

हा प्रश्न म्हणजे ‘म्हणे’चे प्रश्नरूप होय. पत्रकार स्वतः संशय घेत नाही. तो ‘काही लोकां’चा संशय पोहोचवतो. त्याला होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, कारण विचारलेली गोष्ट ‘तू औषधे घेतेस का?’ ही नाही. ‘त्यांना काय सांगशील?’ याला एकच खरे उत्तर संभवते: ते लोक आणा, म्हणजे सांगते. चेपनगेटिचचे ‘लोक बोलणारच’ हे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने प्रश्नाशी तंतोतंत जुळणारे होते. त्यातून तिचे निर्दोषत्व वा सदोषत्व यांपैकी काहीही काढणे गैर होते. वार्ताहराने प्रश्न विचारावयास नको होता, असा मात्र याचा अर्थ नाही. एका दमात विक्रम जवळजवळ दोन मिनिटांनी खाली येतो तेव्हा प्रश्न न विचारणे हा कामचुकारपणा ठरला असता. पहिले अर्धे अंतर १ तास ४ मिनिटे १६ सेकंदांत धावण्याचे कोणी ठरवले? सरावात काय बदलले? मागील वर्षभरात स्पर्धेबाहेर तपासणी किती वेळा झाली? असे प्रश्न विचारता आले असते. त्यांची उत्तरे पडताळता आली असती आणि खोटी असती तर पुढे तिच्या अंगावर आली असती. कडक प्रश्न आणि सैल प्रश्न यांत सैल प्रश्नच अधिक उद्धट ठरावा, हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. १४ मार्च २०२५ रोजी घेतलेल्या तिच्या मूत्रनमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे रक्तदाबावरील, लघवी वाढवणारे औषध सापडले. ज्या प्रमाणाखाली प्रयोगशाळेने नोंदच करू नये असे ठरले आहे ते प्रमाण दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. तिच्या नमुन्यात ते ३८०० होते. आता प्रश्न ‘काही लोकां’चा राहिला नाही. हे द्रव्य, या दिवशी, या प्रमाणात, तुझ्या शरीरात कसे आले? पहिल्यांदा तिला त्याचा उलगडा करता आला नाही. नंतर तिने सांगितले की आजारी असताना आपण घरकामाच्या बाईचे औषध घेतले होते. अॅथलेटिक्स इंटेग्रिटी युनिट या तपासयंत्रणेने या बदललेल्या कथनावर विश्वास ठेवला नाही. शिवाय, कोणाचे तरी औषध न पाहता घेणे ही बेपर्वाई अप्रत्यक्ष हेतूतच मोडते, अशी भूमिका तिने घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चार वर्षांच्या शिक्षेतून लवकर कबुलीबद्दल एक वर्ष वजा होऊन तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. नेमक्या प्रश्नाने जे साधले ते सैल प्रश्नाने साधले नव्हते.

‘आम्ही म्हणत नव्हतो?’ असे यानंतर अनेकांनी म्हटले. पण त्यांनी म्हटले होते ते ऑक्टोबर २०२४ विषयी, आणि सिद्ध झाले ते मार्च २०२५ विषयी. भूतकाळाचे विधान नंतरच्या घटनेने अधिक संभाव्य होते, सिद्ध होत नाही. १४ मार्च २०२५ पूर्वीचे तिचे निकाल रद्द करण्यात आले नाहीत, ते याच कारणाने. हा भेद पाळणे म्हणजे लबाडाला पाठीशी घालणे, असे समजण्याचे कारण नाही. ज्या दिवशी तो पाळला जाणार नाही त्या दिवशी एका चुकीच्या औषधाच्या गोळीने मागील सर्व आयुष्य रद्द ठरवता येईल.

आता दुसऱ्या बाजूच्या भाषेकडे वळले पाहिजे, कारण संशयितांची आणि संस्थांची भाषा निर्मळ आहे असे मुळीच नाही. ‘माझी कोणतीही तपासणी आजवर विरुद्ध गेलेली नाही’ हे या क्षेत्रातील सर्वांत झिजलेले वाक्य. त्यातील कर्ता ‘तपासणी’ आहे, ‘मी’ नाही. ‘मी घेतले नाही’ आणि ‘सापडले नाही’ या दोन वाक्यांतील अंतर रशियाच्या लिलिया शोबुखोवाच्या प्रकरणात उघडे पडले. तिने २००९, २०१० व २०११ अशी ओळीने तीन वर्षे शिकागो मॅरेथॉन जिंकली, २०१० मध्ये लंडनचीही. तिच्या रक्ताच्या नोंदी अस्वाभाविक होत्या आणि हे संबंधितांना माहीत होते. तरी ती २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावली. प्रकरण दडपण्यासाठी तिच्याकडून साडेचार लाख युरो उकळण्यात आल्याचे डिसेंबर २०१४ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने प्रकाशात आणले. जागतिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष लामिन दियाक यांना पॅरिसच्या न्यायालयाने २०२० मध्ये भ्रष्टाचाराबद्दल शिक्षा सुनावली. ‘सापडले नाही’ याचा अर्थ येथे ‘सापडले, पण सांगितले नाही’ असा निघाला. जेथे पहारेकरीच विकला गेला होता तेथे प्रेक्षकांनी संशय घेऊ नये असा उपदेश करणे हास्यास्पद ठरेल.

केनियाच्या विल्सन किपसांगचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षणीय आहे. २०१३ मध्ये बर्लिनला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम करणारा हा धावपटू. तपासनीसांना आपला ठावठिकाणा कळवून त्या वेळी तेथे हजर राहणे हे त्याच्यासारख्यांवर बंधनकारक असते. बारा महिन्यांत तीनदा चुकल्यास तो स्वतंत्र गुन्हा. मे २०१९ मधील गैरहजेरीचे कारण म्हणून त्याने रस्त्यात उलटलेल्या मालमोटारीचे छायाचित्र सादर केले. चौकशीत ते छायाचित्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील अपघाताचे निघाले. २०२० मध्ये त्याला चार वर्षांची बंदी झाली. छायाचित्राला काळ नसतो, हे त्याने हेरले होते. काळ नसलेल्या पुराव्याला तपासनीस तारीख विचारतात, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

संस्थांनी संशयाचेच शास्त्र बनवले त्याला आता बराच काळ झाला. २००९ पासून अमलात आलेल्या जैविक पारपत्रात एकाच धावकाच्या हिमोग्लोबिनची व नवजात लाल पेशींची मोजणी वर्षानुवर्षे नोंदली जाते, आणि त्याच्याच पूर्वीच्या मोजण्यांवरून त्याच्यापुरती कमाल व किमान मर्यादा ठरते. एखादे मूल्य मर्यादेबाहेर गेले की नाव झाकून ती नोंद तज्ज्ञांकडे जाते, आणि शेवटी तिघा तज्ज्ञांचे एकमत झाले तरच प्रकरण पुढे जाते. हे मूल्य स्वाभाविक वा रोगजन्य कारणांनी आले असणे अत्यंत असंभाव्य असून निषिद्ध साधनाचा वापर हेच त्याचे संभाव्य कारण होय, अशा आशयाचे मत तिघांनीही द्यावे लागते. हे ‘असावा’ या रूपातील वाक्य आहे, पण त्याला तीन कर्ते आहेत, त्यांच्या सह्या आहेत आणि लवादापुढे त्यांना उलटतपासणीस उभे राहावे लागते. लबाडी न सापडताच लबाड सापडतो, म्हणून कित्येकांनी या पद्धतीवर टीका केली आहे. त्या टीकेत तथ्य आहे. परंतु अनुमानावर शिक्षा द्यावयाची तर अनुमानाची पायरी न पायरी उघडी असावी, ही अट ही पद्धती पाळते. क्रीडांगणाबाहेरच्या बोलण्यात ती क्वचितच पाळली जाते.

ऑगस्ट २०१५ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने आणि जर्मन दूरचित्रवाणीने सुमारे पाच हजार खेळाडूंच्या बारा हजार रक्ततपासण्यांची गुप्त नोंद फोडली. महिनाभराने, ८ सप्टेंबर रोजी, ब्रिटिश संसदेच्या क्रीडाविषयक समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी एका साक्षीदाराला प्रश्न विचारताना लंडन मॅरेथॉनच्या विजेत्यांवर किंवा पदकविजेत्यांवर, कदाचित ब्रिटिश खेळाडूंवर, संशय असल्याचा उल्लेख केला. नाव घेतले नाही. अनेकवचन वापरले, ‘कदाचित’ वापरले. पण नोंदीचा कालखंड २००१ ते २०१२ असा होता, आणि त्या काळात लंडन मॅरेथॉनची पायी शर्यत जिंकलेली ब्रिटिश व्यक्ती एकच: २००२, २००३ व २००५ ची विजेती पॉला रॅडक्लिफ. अनिश्चित वर्णन जेव्हा जगातील एकाच वस्तूला लागू पडते तेव्हा ते नामच होय. फरक एवढाच की नाव घेणाऱ्यावर येणारी जबाबदारी वर्णन करणाऱ्यावर येत नाही. रॅडक्लिफला त्याच दिवशी निवेदन काढून आरोप नाकारावा लागला, आणि तसे करताना तो आपल्याविषयी होता हे तिलाच जाहीर करावे लागले.

तिच्या रक्ताची तीन मूल्ये वादग्रस्त ठरली होती. त्यांपैकी एक नमुना उन्हातील अर्धमॅरेथॉन संपताच घेतलेला. शरीरातील पाणी कमी झाले की रक्त दाट दिसते, म्हणूनच पुढे शर्यतीनंतर दोन तास थांबून नमुना घेण्याचा नियम झाला. उंच प्रदेशातील सरावाचाही परिणाम जमेस धरावा लागतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये जागतिक संघटनेने अपुऱ्या माहितीचा चुकीचा अर्थ लावल्याचे सांगून तिच्यावरील संशय फेटाळला. २००१ मध्ये फलक धरणाऱ्या स्त्रीवर चौदा वर्षांनी तोच प्रसंग आला, यात अनेकांना काव्यगत न्याय दिसला. ही तुलना आकर्षक असली तरी सदोष आहे. येगोरोवाच्या नमुन्यात द्रव्य सापडले होते आणि कार्यपद्धती अपुरी होती. रॅडक्लिफच्या बाबतीत द्रव्य सापडलेच नव्हते, केवळ संदर्भावाचून आकडे होते. दोघींनाही ‘संशयित’ या एकाच शब्दाखाली आणले की हा भेद दिसेनासा होतो. साम्य आहे ते फलक आणि समितीतील प्रश्न यांच्यात: दोन्ही ठिकाणी अनेकवचन, आणि दोन्ही ठिकाणी डोळे एकीकडेच.

केनियाच्या धावकांना हे अनेकवचन जन्मतःच चिकटू लागले आहे. २०१४ मध्ये बोस्टन व शिकागोची विजेती रीटा जेपटू ईपीओ प्रकरणात सापडली. २०१७ मध्ये रिओची मॅरेथॉनविजेती जेमिमा सुमगाँग सापडली. २०२२ मध्ये देशावरच बंदीची वेळ आली होती आणि सरकारने या कामी दरवर्षी पन्नास लाख डॉलर खर्च करण्याचे मान्य केल्यावर ती टळली. बक्षिसाच्या एका रकमेत जेथे कुटुंबाची शेती उभी राहते, तेथे मोहही मोठा असणार. हे सर्व खरे. तरीही ‘केनियन’ हे विशेषण पुराव्याच्या जागी वापरता येत नाही. २०१७ च्या सुमारास कार्बनच्या पट्टीचे व नव्या फेसाचे बूट आले आणि सर्वच देशांच्या धावकांच्या वेळा खाली आल्या. ते कारण युरोपीय धावकाच्या सुधारणेला चटकन आठवते, एल्डोरेटजवळच्या धावकाच्या सुधारणेला उशिरा आठवते. आठवण्यातील हा विलंब कोणत्याही प्रयोगशाळेत मोजला जात नाही.

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांनी ‘उत्तेजक’ सोडून ‘निषिद्ध द्रव्य’ अथवा ‘निषिद्ध साधन’ असे शब्द योजावेत, आणि सुनावणीपूर्वी ‘दोषी’ न म्हणता ‘नमुन्यात अमुक द्रव्य आढळले’ असे वाक्य लिहावे, एवढी सुधारणा आजही सहज होण्यासारखी आहे. शिकागोच्या धावेची नोंद करावयाची झाल्यास ती पुढीलप्रमाणे व्हावी: चेपनगेटिचने १३ ऑक्टोबर २०२४ रोजी २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांचा विक्रम केला, १४ मार्च २०२५ च्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळल्यावरून तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली, तीत तो विक्रम रद्द झाला नाही. तीन वाक्ये, तारखांना बांधलेली. ‘म्हणे’ला त्यांत कोठेही जागा नाही, आणि ज्याला या तिन्हींपुढे जाऊन ‘असावी’ म्हणावयाचे असेल त्याने ते स्वतःच्या नावावर म्हणावे.